जुन्या टंकलेल्या ओव्या युनिकोडात आणताना ओळी मोडल्या आणि दऱ्यांचा दर्या झाला

जाईजुई
रविवार, सकाळी ११:२०

नमस्कार मंडळी. लांबलचक लिहिते आहे. प्रश्न एकमेकांत अडकलेत, सुटे करून विचारता येत नाहीत.

माझी मावशी प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. नव्वदच्या दशकात सुट्टी लागली की एसटीने भोर तालुक्यातल्या गावांत जायची आणि बायकांशेजारी बसून जात्यावरच्या ओव्या वहीत उतरवून घ्यायची. अशा नऊ वह्या झाल्या. १९९९ मध्ये तिने त्या एका डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेतल्या. पुस्तक काढायचं होतं, ते राहून गेलं. मावशी मागच्या वर्षी गेली. माझ्याकडे सात वह्या आल्या (दोन सापडत नाहीत) आणि एक सीडी. सीडीवर ४१ फाइली, साधारण २,३०० ओव्या.

मला दोन गोष्टी करायच्या आहेत. एक, सगळं साध्या युनिकोड (सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना ठरलेले क्रमांक देणारी पद्धत) टेक्स्टमध्ये, म्हणजे उद्या कुठलंही सॉफ्टवेअर बंद पडलं तरी वाचता येईल. दोन, त्यातून ईपब हे ई-पुस्तक, म्हणजे गाणाऱ्या बायकांच्या लेकी-सुनांना फोनवर वाचता येईल.

तीन महिने झाले या कामाला. जुना फॉन्ट एका ऑनलाइन कन्व्हर्टरने युनिकोडात आणला. मजकुरात कुठे कुठे दोन-दोन स्पेस, न दिसणारी अक्षरं असा कचरा होता, तो काढायला दुसरं एक साधन वापरलं. त्यात 'अदृश्य अक्षरं काढा' असा पर्याय होता, तोही लावला. प्रस्तावनेत प्रत्येक ओळीच्या शेवटी एंटर होता, वाक्यं मधेच तुटत होती. म्हणून 'ओळी जोडा' केलं, तर ओव्याही जोडल्या गेल्या. दोन ओळींची ओवी सलग गद्य झाली. मग ओव्या हाताने परत तोडल्या. तीनेकशे चुका वहीशी ताडून दुरुस्त केल्या. पुढे मार्कडाउन (साध्या खुणांनी मथळे, याद्या दाखवायची पद्धत) करून पॅनडॉक या रूपांतराच्या प्रोग्रामने ईपब काढलं, तर गावांच्या नावांचे मथळे राखाडी चौकटीत टाइपरायटरच्या अक्षरात आले. शेवटच्या टिपा, ज्यांना १., २., ३. असे आकडे आहेत, त्या एकाच परिच्छेदात वाहून गेल्या.

तरी वाटत होतं की आता थोडंच राहिलंय. काल संध्याकाळी आईला एक भाग वाचून दाखवत होते. आईने थांबवलं. "दर्या कुठला गं आपल्याकडे? दऱ्या असेल ते." वही काढली. मावशीच्या अक्षरात स्वच्छ 'दऱ्या' आहे.

मग शोधत बसले. सबंध संग्रहात एकही ऱ्य उरलेला नाही. सासऱ्याला, सोयऱ्याच्या, शेजाऱ्याची, वाऱ्यावर, सगळीकडे साधा रफार. सासर आणि सोयरे हे ओव्यांमधले सगळ्यात जास्त येणारे शब्द. रात्री झोप लागली नाही. मावशीचं ऐकून घेतलेलं मी पुसून टाकलं असं वाटत राहिलं.

कुणी वाट दाखवेल का?


कंपोझिटर
रविवार, दुपारी १:०५

ताई, आधी एवढं सांगा: सीडीवरच्या मूळ फाइली जशाच्या तशा आहेत ना? असतील तर काहीही पुसलं गेलेलं नाही. आत्ता उठून त्यांच्या दोन प्रती दोन वेगळ्या जागी करा आणि त्या प्रतींना 'फक्त वाचण्यासाठी' अशी खूण लावा. पंचवीस वर्षांपूर्वीच्या सीडीचा काही भरवसा नाही. बाकी चर्चा त्यानंतर.

मी १९९१ पासून सोलापुरात टाइपसेटिंग करतो. तेव्हाचे फॉन्ट म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या जागेवर बसवलेली मराठी चित्रं. एकूण २५६ घरं, त्यातली बरीच आधीच अडलेली. संगणकाच्या लेखी तुम्ही इंग्रजीच टाइप करत असता. क्रुतीदेवचं उदाहरण देतो, कारण तो फॉन्ट सगळ्यांनी पाहिलाय. 'मराठी' असं टाइप करा आणि फॉन्ट काढून घ्या. खाली ई, जे, के, मोठा बी आणि एच उरतात. 'दिवस' म्हणजे एफ, एन, ओ, एल. यातला एफ म्हणजे पहिली वेलांटी. ती द च्या आधी आली, कारण कागदावर ती आधी दिसते. युनिकोडात उच्चाराचा क्रम असतो, आधी द, मग वेलांटी. रफाराचं उलट आहे. जुन्या फॉन्टात तो अक्षर झाल्यावर मागून मारायचा, युनिकोडात र आणि पायमोड (अक्षर अर्धं करणारी खालची खूण) आधी येतात.

म्हणून कन्व्हर्टर ही नुसती 'याच्या जागी ते' अशी यादी असून भागत नाही, त्याला क्रम फिरवावा लागतो. जोडाक्षरावर वेलांटी आली की कच्चे कन्व्हर्टर उघडे पडतात. 'स्थिती'चं 'सि्थती' होतं. तुमच्या मजकुरात असं काही आहे का, ते एकदा शोधा.

आणखी एक. क्रुतीदेवात अर्धा श म्हणजे कीबोर्डवरचं एकेरी अवतरणचिन्ह आणि अर्धा ष म्हणजे दुहेरी. फाइल वर्डसारख्या ठिकाणी उघडून कुणी ऑटोफॉरमॅट चालवलं, की सरळ अवतरणचिन्हं वळणदार होतात आणि फाइलमधले श-ष जातात. जुन्या फॉन्टातली फाइल रूपांतराआधी कुठेच 'सुधारू' नये.

ओळींच्या शेवटी एंटर का आहेत, तेही सांगतो. हस्तलिखिताशी ओळ न् ओळ ताडता यावी म्हणून आम्ही पुष्कळदा कागदावरची ओळ संपली की एंटर मारायचो. मथळा मधोमध आणायला स्पेसबार दाबत जायचो. पान छापून निघायचं, त्यावर ते बरोबर दिसायचं, काम संपायचं. फाइल पुढे कुणी वाचेल असा विचारच नव्हता तेव्हा.


शून्यएक
रविवार, दुपारी ३:४८

ऱ्य चा गुन्हेगार सापडला आहे: 'अदृश्य अक्षरं काढा'.

युनिकोडात हा अर्धा र दोन पद्धतीने लिहिता येतो. पहिली पद्धत: र, पायमोड, त्यानंतर शून्य रुंदीचं एक जोडक अक्षर (युनिकोडातला क्रमांक यू+२००डी) आणि मग य. हे जोडक दिसत नाही, त्याला जागा लागत नाही. त्याचं काम इतकंच की 'इथे रफार करू नकोस, अर्धा र दाखव' हे सांगायचं. दुसरी पद्धत: र ऐवजी ऱ हे स्वतंत्र अक्षर (यू+०९३१), मग पायमोड आणि य. तुमच्या कन्व्हर्टरने पहिली पद्धत वापरली. सफाईच्या साधनाने यू+२००बी पासून यू+२००एफ पर्यंतचं सगळं कचरा समजून काढलं, त्यात जोडकही गेलं. उरलं र, पायमोड, य. म्हणजे र्य.

इंग्रजी मजकुरात ही अक्षरं खरंच कचरा असतात, वेब पेजवरून चिकटवताना येतात. त्यामुळे अशी साधनं बनवणाऱ्याला ती काढणं योग्यच वाटतं. मराठीत ती मजकुराचा भाग आहेत.

तेव्हा सफाई करण्याआधीची, कन्व्हर्टरमधून नुकतीच निघालेली फाइल असेल तर ती घ्या.


पानगळ
रविवार, सायंकाळी ६:१२

वाचतेय. साधा उपाय सुचतो: सगळीकडे र्य शोधून ऱ्य करून टाकलं तर?


बखरवाचक
रविवार, रात्री ९:३०

पानगळताई, तसं करू नये. सूर्य, कार्य, धैर्य, मर्यादा, भार्या, आर्या हे सगळे मोडतील. ओव्यांत सूर्यनारायण तर पावलोपावली आहे. आणि काही जोड्यांत दोन्ही रूपं खरी असतात. आचार्यांना वाढलं म्हणजे गुरुजींना वाढलं, आचाऱ्यांना वाढलं म्हणजे स्वयंपाक्यांना. दर्या आणि दऱ्या ही तशीच जोडी. कुठलं हवं ते फक्त वाक्य सांगतं, आणि ओवीत कधी कधी वाक्यही सांगत नाही.

मी चाळीस वर्षं मुद्रितशोधन केलं. जाईजुई, तुमच्या मूळ पोस्टमधली मला सर्वांत जास्त टोचलेली गोष्ट ऱ्य ची नाही, ओळी जोडल्या गेल्याची आहे. गद्यात ओळ कुठे तुटली याला अर्थ नसतो, कागद संपला म्हणून ती तुटते. ओवीत ओळ गाणारी तोडते. तिथे ती श्वास घेते, जात्यात दाण्यांची वैरण घालते, जोडीदारीण सूर उचलते. साध्या टेक्स्टमध्ये या दोन्हींसाठी एकच खूण आहे, ओळबदल. म्हणून कुठलंही यंत्र दोन्ही एकच समजणार. हा फरक माणसाने आधी फाइलमध्ये लिहून ठेवायला हवा.

हा घोळ जुना आहे. प्रोजेक्ट गुटेनबर्ग मायकेल हार्ट यांनी १९७१ मध्ये सुरू केलं तेव्हापासून तिथल्या साध्या टेक्स्ट पुस्तकांत सत्तरेक अक्षरांवर ओळ तोडलेली असते. त्या काळच्या पडद्यावर वाचायला तेच सोयीचं होतं. आज फोनवर ती पुस्तकं उघडली की एक ओळ लांब, एक ओळ अर्धी, अशी दिसतात. ती जोडायला लोकांनी किती प्रोग्राम लिहिले, आणि त्यातल्या कित्येकांनी कविता गिळल्या.

दुसरी विनंती: 'गं बाई', 'माझ्या बाई' असे शब्द आणि बोलीतली रूपं शुद्धलेखन तपासणीत घालू नका. हेमा राईरकर आणि गी पॉइतवां यांनी ग्रामीण महाराष्ट्रातून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, त्या 'परी'च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर येत असतात. तिथे ओवीसोबत गाणारीचं नाव आणि गाव असतं. तुमच्या मावशींनी तशी नोंद ठेवली असेल तर ती ओवीपासून सुटू देऊ नका. गाव मथळ्यात आणि ओव्या खाली अशी मांडणी असेल, तर एका रूपांतरात मथळे गेले की शंभर ओव्या बेवारस होतात.


जाईजुई
सोमवार, सकाळी ७:१५

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री पहिल्यांदा सीडीच्या तीन प्रती केल्या. एक भावाकडे पाठवली.

मूळ फाइली शाबूत आहेत. पण मधली, सफाईच्या आधीची प्रत नाही. मी त्याच फाइलवर जतन करत गेले. म्हणजे आता माझ्याकडे एका बाजूला सीडी आहे, जिच्यातून ऱ्य परत मिळेल पण त्यात माझ्या तीनशे दुरुस्त्या नाहीत. दुसऱ्या बाजूला दुरुस्त्या असलेली फाइल आहे, जिच्यात ऱ्य नाही. दुरुस्त्या कुठे कुठे केल्या त्याची यादीही ठेवली नाही.

बखरवाचक, गाणारीचं नाव आणि गाव वहीत प्रत्येक ओवीखाली आहे. टाइप करताना मात्र गावाचा मथळा आणि खाली ओव्या असंच केलंय. नावं बहुतेक गळलीत. हे मी आजवर पाहिलंच नव्हतं.


शून्यएक
सोमवार, रात्री १०:५०

तीनशे दुरुस्त्या वाचतील. असं करा.

सीडीवरून पुन्हा रूपांतर करा. ही फाइल 'ताजी'. तिची एक प्रत घ्या आणि तिच्यावर तेच सफाईचं साधन चालवा. ही 'ताजी-साफ'. आता 'ताजी-साफ' आणि तुमची दुरुस्त फाइल शब्दाला शब्द लावून तपासा, ओळबदल सोडून. जिथे दोन्ही शब्द जुळतात तिथे तुम्ही काही बदललेलं नाही, म्हणून त्या जागी 'ताजी'मधला शब्द उचला, त्यात ऱ्य शाबूत आहे. जिथे जुळत नाहीत तिथे तुमची दुरुस्ती आहे. त्या जागांची यादी निघेल, ती तेवढी डोळ्यांनी बघावी लागेल. ओळबदल मात्र तुमच्या दुरुस्त फाइलचेच ठेवायचे. मी लहानसा प्रोग्राम लिहून निरोपातून पाठवतो, तुम्हाला फक्त तीन फाइलींची नावं द्यायची.

त्यानंतर सगळे ऱ्य आणि ऱ्ह एकाच पद्धतीत आणा. मी ऱ वाली पद्धत सुचवेन. युनिकोडची शिफारसही तीच आहे, आणि तिच्यात अदृश्य काही नसल्याने पुढच्या सफाईत ती टिकते. दोन पद्धती मिसळलेल्या राहिल्या तर एका पद्धतीने शोधलेला 'सासऱ्या' दुसऱ्या पद्धतीचा सापडणार नाही. दिसायला दोन्ही सारखे, संगणकाला वेगळे. युनिकोडचं प्रमाणीकरणसुद्धा (एकाच अक्षराची वेगळी रूपं सारखी करायची प्रक्रिया) या दोन रूपांना एक करत नाही. ॲ चंही तसंच. जुने लोक अ वर चंद्र देऊन लिहायचे, २००८ मध्ये ॲ हे वेगळं अक्षर आलं, आणि दोन्ही आजही वेगळीच राहतात.

एक सावधगिरी. काही प्रोग्राम मजकूर 'सुटा' करतात, म्हणजे ऱ चे र आणि नुक्ता (खालचा ठिपका) असे दोन भाग होतात. तेवढ्याने बिघडत नाही, परत जोडता येतात. पण कुणी त्या अवस्थेत नुक्ते आणि खुणा काढून टाकल्या, तर पुन्हा साधा र. तेव्हा 'स्वराघात काढा', 'खुणा काढा' असले पर्याय मराठी मजकुरावर कधीच नकोत.


मांडवी
मंगळवार, दुपारी १२:३५

पणजीहून. आमच्या भजनी मंडळाच्या संग्रहात असंच एक नुकसान झालं होतं, ते सांगते म्हणजे तुमचं वाचेल.

आम्ही अभंग तक्त्यात घातले होते: क्रमांक, चाल, अभंग. टाइप करणाऱ्यांनी दंडाच्या जागी कीबोर्डवरची उभी रेघ मारली होती, कारण दंड कुठल्या कळीवर आहे ते माहीत नव्हतं. दिसायला फारसा फरक नाही. पण मार्कडाउनच्या तक्त्यात उभी रेघ म्हणजे रकाना संपला. पहिल्या दंडाशी अभंगाचा रकाना संपला आणि पुढचा मजकूर चौथ्या-पाचव्या रकान्यात गेला. असले रकाने मथळ्यात नाहीत. गिटहब या संकेतस्थळाच्या मार्कडाउनचा नियम असा की जास्तीचे रकाने सोडून द्यायचे. कसली सूचना नाही, चूक नाही. प्रत्येक अभंगाचा पहिला चरण छापून आला, बाकी गायब. एकादशीच्या कार्यक्रमात पुस्तिका हातात आल्यावर कळलं.

खरा दंड यू+०९६४ आणि दुहेरी दंड यू+०९६५. आधी सगळ्या उभ्या रेघा बदलून घ्या, तक्ते नंतर. आमचं रूपांतर आम्ही मूळ फाइलमधून परत केलं, ती होती म्हणून.


पानगळ
मंगळवार, रात्री ८:२०

माझीही एक अडचण विचारून घेते. आजोबांच्या आठवणींची टेक्स्ट फाइल भावाने पाठवली. माझ्या जुन्या लॅपटॉपवर ती सगळी एकाच लांब ओळीत दिसते. आणि कामाच्या ठिकाणी उघडली तर मराठीऐवजी भलतंच, डोक्यावर तिरकी रेघ असलेला छोटा ए आणि गोल गोल चिन्हं. फाइल गेली का?


शून्यएक
मंगळवार, रात्री ११:०५

नाही, दोन्ही गोष्टी बऱ्या होण्यासारख्या आहेत.

एकच ओळ: टेलिप्रिंटरच्या काळापासून ओळ संपवायच्या दोन खुणा आहेत, एक गाडी डावीकडे परत नेणारी (क्रमांक १३) आणि एक कागद वर सरकवणारी (क्रमांक १०). विंडोज दोन्ही लिहितं, लिनक्स आणि आजचं मॅक फक्त दुसरी. २०१८ च्या आधीच्या विंडोजमधल्या नोटपॅडला ही जोडी लागायची, एकटी दुसरी खूण त्याला ओळ वाटायचीच नाही. नोटपॅड++ मध्ये उघडा, ओळी दिसतील.

भलती चिन्हं: यूटीएफ-८ (युनिकोड फाइलमध्ये साठवायची पद्धत) मध्ये देवनागरीचं प्रत्येक अक्षर तीन बाइटचं असतं आणि त्यातला पहिला बाइट कायम एकच. कुणी ते जुन्या पश्चिम युरोपीय संकेतात वाचलं, की तो पहिला बाइट तिरक्या रेघेचा ए दिसतो. त्याच्यामागून चलनाचं गोल चिन्ह किंवा येनचं चिन्ह येतं. म्हणून सगळा मजकूर त्याच दोन-तीन चिन्हांनी भरलेला वाटतो. बाइट शाबूत आहेत, वाचणारा चुकलाय. फाइल उघडताना यूटीएफ-८ निवडा. एक्सेलमध्ये सीएसव्ही असेल तर दुहेरी क्लिक न करता 'डेटा' मधून आणा आणि संकेत म्हणून ६५००१ (हा यूटीएफ-८ चा क्रमांक) निवडा.

फक्त एक पाळा: तशा भलत्या रूपात दिसत असताना 'जतन करा' दाबू नका. आणि प्रश्नचिन्हं दिसली तर मात्र काळजी करा. एकामागून एक प्रश्नचिन्हं म्हणजे कुणीतरी मराठी नसलेल्या संकेतात जतन केलं आणि प्रत्येक अक्षराच्या जागी खरोखर प्रश्नचिन्ह लिहिलं गेलं. त्यातून काही परत येत नाही.


कंपोझिटर
बुधवार, सकाळी ९:४०

ईपबच्या मथळ्यांचं कुणी सांगितलं नाही अजून. ते मी केलेल्या पापांतलंच आहे, म्हणून मी सांगतो. मार्कडाउनमध्ये परिच्छेदाच्या पहिल्या ओळीआधी चार किंवा जास्त स्पेस असल्या की तो मजकूर संगणकाचा प्रोग्राम समजला जातो, म्हणून राखाडी चौकट आणि टाइपरायटर अक्षर. डीटीपीवाल्याने मथळा मधोमध आणायला वीस स्पेस दिल्या असतील. त्या ओळींच्या सुरुवातीच्या स्पेस काढा आणि मथळ्याची खूण द्या.

टिपांचं कारण वेगळं. मार्कडाउनला यादी म्हणून फक्त इंग्रजी आकडे कळतात. १., २. हे त्याच्या लेखी साधा मजकूर, आणि साध्या मजकुरातला एकेरी ओळबदल म्हणजे स्पेस. म्हणून सगळ्या टिपा एकात एक. फाइलमध्ये इंग्रजी आकडे लिहा, ईपबच्या शैलीत यादीचे आकडे देवनागरी करायची सोय आहे.


शून्यएक
बुधवार, सकाळी १०:१५

बरोबर. आणि ओव्यांसाठी पॅनडॉकमध्ये वेगळी सोय आहे: ओळीच्या सुरुवातीला उभी रेघ आणि एक स्पेस. अशा ओळी तो कधीच जोडत नाही, सुरुवातीच्या स्पेसही राखतो. मार्कडाउनची नेहमीची पद्धत, ओळीच्या शेवटी दोन स्पेस, ही वापरू नका. त्या दिसत नाहीत आणि पहिल्याच सफाईत जातात.

बखरवाचक म्हणाले तो फरक यातून फाइलमध्येच लिहिला जातो. रेघ आहे ती गाणारीची ओळ, रेघ नाही ती कागदाची.

ईपबची भाषा 'मराठी' अशी नोंदवायला विसरू नका. ज्या फॉन्टात सोय आहे त्यात ल आणि श मराठी वळणाचे येतात, नाहीतर हिंदी वळणाचे.


जाईजुई
शनिवार, रात्री १०:३० (सतरा दिवसांनी)

कळवायला उशीर झाला, कारण वह्या परत पहिल्यापासून वाचत होते.

शून्यएकचा प्रोग्राम चालवला. बहुतेक सगळे शब्द आपोआप जुळले आणि ऱ्य परत आले. न जुळलेल्या ४१२ जागा निघाल्या. त्यातल्या तीनशेच्या आसपास माझ्या दुरुस्त्या. उरलेल्यांत काही ठिकाणी माझीच दुरुस्ती चुकीची होती. बोलीतला शब्द मी नकळत 'शुद्ध' केला होता. 'व्हता'चं 'होता', 'म्या'चं 'मी'. वहीप्रमाणे परत फिरवले.

'सि्थती'सारखे वेलांटी घसरलेले २७ शब्द मिळाले. उभ्या रेघा नव्हत्या, दंड खरे होते. प्रत्येक ओवी आता अशी आहे: आपला क्रमांक, दोन ओळी रेघ लावून, खाली गाव आणि गाणारीचं नाव. नावं वहीतून भरते आहे, निम्मी झाली. नऊ-दहा ओव्यांखाली मावशीने लिहिलंय, 'नाव सांगितले नाही'. तेही तसंच घालते आहे.

आता दर्या. ताज्या रूपांतरात सगळे 'दऱ्या' परत आले, एक सोडून. चौथ्या वहीतली ओवी आहे, भाऊ मुंबईला गिरणीत गेलाय त्याबद्दलची. तिथे सीडीवर 'दर्या' आहे. मला वाटलं टाइप करणाऱ्याची चूक. वही उघडली, तर मावशीने दर्या लिहून खाली रेघ मारली आहे आणि समासात लिहिलंय: 'दर्याच. पुन्हा विचारले.'

आईला वाचून दाखवलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने ती ओवी चालीवर म्हटली, तिला येत होती.

एक अडचण उरली. न सापडलेल्या दोन वह्यांच्या फाइली, ३३ ते ४१. त्यांत १९ ठिकाणी कन्व्हर्टरने रिकामा चौकोन दिलाय. एकच खूण असावी, कारण मूळ फाइलीत त्या सगळ्या जागी एकच संकेत आहे, घर क्रमांक २१५. ताडायला वही नाही.


कंपोझिटर
शनिवार, रात्री ११:१०

फॉन्टच्या फाइलचं पूर्ण नाव आवृत्तीसकट कळवा. त्या काळी एकाच फॉन्टच्या आवृत्त्यांत वरची घरं बदलायची, म्हणून कन्व्हर्टर चुकला असेल. त्या घराण्यातल्या तीन फॉन्टांचे छापील तक्ते माझ्याकडे आहेत, प्रत्येक घरात कोणतं चित्र आहे त्याचे. आणि १९ पैकी दोन-तीन ठिकाणचे आजूबाजूचे शब्द इथे टाका. चौकोन शब्दाच्या मधे आहे की शेवटी?


जाईजुई
शनिवार, रात्री ११:२५

सगळीकडे मधे. 'पु', चौकोन, 'न'. 'वि', चौकोन, 'ल'. 'रखुमाई' शेजारी दोनदा आलाय.


कंपोझिटर
शनिवार, रात्री ११:३१

दुसरा शब्द 'विठ्ठल' असणार, म्हणजे चौकोन ठ्ठ चा. पण मग पहिल्या शब्दात तो बसत नाही. पहिल्या जागी मूळ फाइलीत खरंच २१५ आहे का, की शेजारचं घर? ते तपासून सांगा. तक्त्याचा फोटो सकाळी टाकतो.